पगार बंद करायचा अर्ज

माझ्याकडे येणाऱ्या एकट्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सरकारचे पैसे घेते म्हणून लोक बोलतात. त्यांना काय सांगू?" विधवा असली तर लोक जरा दबून बोलतात. नवऱ्यानं टाकलेली असली, की तिच्या घरात डोकावायचा जणू सगळ्यांनाच परवाना मिळतो. या प्रश्नाला एका दमात उत्तर देता येत नाही, म्हणून एका ताईंची हकीकत सांगते. त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. 2024 ची दिवाळी नुकतीच झालेली. ताई आमच्या समुपदेशन केंद्रात आल्या, पिशवीतून कोरा फुलस्केप काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, माझा पगार बंद करायचा अर्ज लिहून द्या."

आमच्याकडे संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पैशांना सगळे पगारच म्हणतात. ही योजना 1980 सालापासूनची. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी अशा लोकांसाठी. परित्यक्तांना 2023 पासून महिना 1,500 रुपये. ताईंना तो मिळायला लागून तीन-चार वर्षं झाली होती. नवरा पुण्यात, दुसऱ्या बाईबरोबर. घटस्फोट नाही. कोर्टानं महिना 3,000 पोटगी ठरवून दिली होती. सुरुवातीचे काही महिने आली आणि मग बंद. ताई सकाळी एका मेसमध्ये पोळ्या लाटतात, दुपारी दोन घरची भांडी. मुलगा आठवीत, मुलगी चौथीत.

"बंद कशाला करायचाय?"

"नको झालंय."

अशा वेळी ‘अहो, हा तुमचा हक्क आहे’ असं भाषण लगेच सुरू करू नये, असं माझं मत. हक्क आहे हे तिला माहीत असतंच. तहसीलच्या खेपा तिनंच मारलेल्या असतात. मी अर्जाला नाही म्हटलं नाही. फुलस्केप माझ्याकडे ठेवून घेतला. म्हटलं, लिहू की, पण आधी काय झालं ते सांगा.

मुलीच्या वाढदिवसाला ताईंनी अडीचशे रुपयांचा केक आणला. मुलानं फोटो स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "निराधारांचा केक झ्याक असतोय गं!" सगळ्या हसल्या. त्यानंतर आठ-दहा दिवसांत चौकशीला माणूस आला. निनावी तक्रार होती, नवरा येतो-जातो म्हणून. त्यानं ताईंशी दोन मिनिटं बोलून बाकीची चौकशी शेजारी केली, आणि तीही दारात उभं राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "रात्रीचं कोण पुरुष माणूस येतं का हिच्याकडं?" मुलगा तेव्हा घरातच अभ्यासाला बसला होता.

चौकशीला माझी हरकत नाही. सरकारी पैसा आहे, तपासणी व्हायलाच हवी. पण बाई टाकलेली आहे की नाही हे शेजाऱ्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, म्हणजे तिला गल्लीच्या ताब्यात देण्यासारखं आहे. उद्या कोण काय सांगेल या धास्तीनं ती सगळ्यांची मर्जी सांभाळत बसते. ताई मटण आणलं तर भाजीच्या पिशवीत खाली घालून आणायच्या. भावानं भाऊबीजेला दिलेल्या साडीची घडी मोडली नव्हती. गरीब दिसत राहणं हे त्यांचं आणखी एक काम होऊन बसलं होतं, आणि त्याला सुट्टी नव्हती.

गंमत पुढेच आहे. त्याच वहिनींच्या खात्यात ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे 1,500 येत होते. ताईंना ते नाहीत, कारण दुसऱ्या योजनेतून तेवढीच रक्कम मिळत असेल तर ही मिळत नाही. गल्लीचा मात्र ठाम समज, की हिला दोन्हीकडून मिळतात. एकीनं ते राखीपौर्णिमेची ओवाळणी म्हणून मिरवायचे आणि दुसरीनं तेवढेच पैसे पदराखाली लपवायचे! नवरा घरात असलेल्या बाईला मिळाले तर भावाची माया आणि नसलेलीला मिळाले तर फुकटचं खाणं, हा हिशेब मला अजून कोणी समजावून दिलेला नाही.

एवढं सगळं होऊनही अर्ज लिहायला आणणारी गोष्ट वेगळीच होती. ती दुसऱ्या भेटीत निघाली. पैसे बाबा पाठवतात, असं ताईंनी मुलांना सांगितलं होतं. बाप अगदीच वाईट वाटू नये म्हणून. गल्लीतल्या एका पोरानं मुलाला डिवचलं, "तुझ्या आईला निराधारचा पगार हाय." हा त्याच्याशी मारामारी करून आला. चारच दिवसांनी पासबुक छापून आणायला त्यालाच बँकेत पाठवलं होतं. त्यानं नोंदी वाचल्या. घरी येऊन पासबुक चुलीशेजारी टाकलं आणि जेवला नाही. बोलणंच बंद केलं.

"पोरगं माझ्याकडं बघत नाही, मॅडम. ह्या पैशाच्या पायी."

मला तसं वाटत नव्हतं. तेरा वर्षांच्या मुलाला राग पैशाचा नसतो. ज्या गोष्टीसाठी मार खाल्ला ती खरी नव्हती, याचा असतो. पण हे मी सांगून काय उपयोग? आधी आम्ही वही घेतली. पगार बंद झाला तर काय काय बंद होईल, ते ताईंनीच लिहिलं. खोलीचं भाडं 1,500. म्हणजे पगार थेट तिथंच जातो. मग ते भागवायला संध्याकाळचं एक घर धरायचं. संध्याकाळी मुलगी एकटी. इथं त्यांनी पेन खाली ठेवलं. "मंग ती कुणाकडं बसंल? त्याच वहिनींकडं?" फुलस्केपचा विषय त्या दिवशी तिथंच राहिला.

दुसरी भीती त्यांनी दबक्या आवाजात सांगितली. "मी कामाला जाते. कमावते. मंग निराधार कशी? खोटं तर नाही ना होत?" ही भीती मी खूप जणींच्या तोंडून ऐकते आणि तिचं मूळ नियमातच आहे. या योजनेसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत लागतं, नाहीतर नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत लागतं. वर्षाला 21,000 म्हणजे महिन्याला 1,750. एवढ्यात दोन मुलं वाढवणारी आई कुणी दाखवावी! जी राबते तिलाच मग आपण चोर आहोत असं वाटत राहतं. ताईंची मंजुरी यादीतल्या नावावर झालेली होती. मंजुरीचा कागद आम्ही शोधून काढला, दोघींनी वाचला. त्यांच्या खांद्यावरचं ओझं तेव्हा उतरलेलं मला दिसलं. म्हणून सांगते, लोकांना उत्तर द्यायच्या आधी आपली मंजुरी कशावर झाली ते स्वतः वाचा.

मग उत्तराची तालीम. मी वहिनी झाले. "काय गं, पगार झाला का?" ताईंनी नवरा, कोर्ट, भाडं, मुलीचं आजारपण असं सगळं सांगायला सुरुवात केली. मी थांबवलं. सफाई दिली की समोरच्याला न्यायाधीश केल्यासारखं होतं. तीन-चार वेळा घोटून शेवटी उरलं ते एवढंच: "झाला की. तुमचा झाला का, वहिनी?" हे त्यांचं स्वतःचं आहे, माझं नाही. मला ते जरा तिखट वाटलं होतं. पण नळावर चाललं. वहिनी काही सुधारल्या नाहीत, पण तो प्रश्न विचारायच्या थांबल्या.

मुलाशी त्या घरीच बोलल्या. मी एवढंच सुचवलं होतं, की बापाला शिव्या घालू नका आणि झाकूही नका. काय येतं, कुठून येतं, कशाला जातं, ते वहीतलं पान दाखवा. त्यानं पान बघितलं आणि विचारलं, "बाबांची चौकशी करायला कोण जात नाही का?"

ताई हे मला सांगत होत्या तेव्हा मलाही पटकन काही बोलता आलं नाही. दीड हजारावर गल्लीभर पहारा आणि थकलेल्या पोटगीकडे एकाचंही लक्ष नाही. वसुलीसाठी त्यांनी कधी अर्जच केला नव्हता. पोटगीच्या कायद्यात एक मेख आहे: पोटगी थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला, तरच तिच्या वसुलीचं वॉरंट निघतं. मागची चार वर्षं त्या वाटेनं गेलीच. शेवटच्या बारा महिन्यांचे 36,000 मात्र मागता येत होते. बाईला सरकारतर्फे वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. तो केला. पोटगी नियमित सुरू झाली तर तहसीलला कळवावं लागेल आणि पगार थांबू शकेल, हेही आधीच सांगून ठेवलं. "तसा बंद झाला तर गल्लीत पेढे वाटीन," ताई म्हणाल्या. नवऱ्यानं वॉरंटनंतर काही रक्कम भरली, सगळी नाही. तारखा चालू आहेत.

याच सगळ्यात बालसंगोपन योजनेचा विषय निघाला. एकट्या पालकाच्या मुलांसाठी महिला व बालविकास विभागाकडून मुलामागे महिना 2,250 मिळतात, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. ताईंनी नाव ऐकलं होतं, पण आणखी एक बोलणं नको म्हणून फॉर्मच आणला नव्हता. असं खूप जणी करतात. या वेळी त्यांनी फॉर्म आणला, मुलानं भरला. बाल कल्याण समितीपुढे जायच्या आधी घरी येऊन पाहणी होते हे कळल्यावर मला फोन आला.

"मॅडम, मालकिणीनं दिलेला टीव्ही हाय घरात. जुना हाय. त्या दिवसापुरता पलीकडं ठेवू का?"

"कुणाकडे ठेवणार?"

जरा वेळानं त्याच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मुलांची मालिका असती त्या टायमाला."