“नुसता गाडीवर थांबला होता”

“पोरानं कुणाला हात लावला नाही की ओ अक्का. नुसता गाडीवर थांबला होता.” निपाणीकडची ती आई दारातूनच बोलायला लागली. मागे विशीतला मुलगा, मान खाली. त्याच्या दोन मित्रांनी रात्री महामार्गावर एका व्यापाऱ्याला धमकावून पैशांची पिशवी हिसकावली होती. हा थोडं पुढे गाडी चालू ठेवून थांबला. मित्र अटकेत, फिर्यादीत याचंही नाव. कागद कन्नडमधला, घरात कुणाला वाचता येईना. आधी तो मी त्यांना मराठीत समजावून सांगितला.

नुसतं थांबणाराही गुन्हेगार ठरतो का, हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. मित्रांचा बेत ठाऊक नसताना कुणी त्यांना नुसतं सोडायला गेला, तर तेवढ्यानं तो गुन्हेगार होत नाही. पण बेत माहीत असून गाडी तयार ठेवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) मधला सामाईक इरादा लागू होतो आणि तिघे सारखेच जबाबदार ठरतात. मुद्दाम केलेली मदत कलम ४५ प्रमाणे अपप्रेरणाही, म्हणजे गुन्ह्याला साथ देणंही, ठरते. जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान घडली तर १४ पर्यंत. पाच जण असते तर दरोडाच झाला असता, आणि तिथे हजर राहून मदत करणाराही त्या पाचांत मोजतात. १९२३ साली कलकत्त्याच्या शंकरीतोला पोस्टात पोस्टमास्तरांचा खून झाला. ‘मी बाहेरच उभा होतो’ हा आरोपीचा बचाव प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयानंही मानला नाही.

“तुला कधी कळलं?” मी मुलाला विचारलं. बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, “नंबरप्लेटला चिखल फासायला त्यांनी सांगितलं, तेव्हा.”

“फासलास?”

“व्हय.”

आई मटकन खाली बसली. मला तिची फार कणव आली, पण खोटा धीर देणं माझ्यानं झालं नाही. थोड्या वेळानं तिनं कमरेची पिशवी सोडून सहा हजार रुपये पुढे ठेवले. त्याच्या वाट्याचे. ते ओढ्यात टाकू का, असं विचारत होती. मी म्हटलं, “मावशी, याला हात लावू नका. वकिलांना सगळं खरं सांगा, मग ते सांगतील तसं जमा करा.” चोरीचं आहे हे माहीत असून पैसे ठेवून घेणं हा कलम ३१७ खाली वेगळा गुन्हा आहे. वकिलाला पैसे नव्हते. महिलांना, अटकेतल्या माणसाला आणि कमी उत्पन्न असलेल्यांना कायदेसेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, हे तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलासाठी अर्ज करायला आम्ही तिघं बेळगावला निघालो. कन्नडमधल्या कागदावर न समजता सही करायची नाही, हे मी त्याला गाडीत बसायच्या आधी दोनदा बजावलं.