आई-बाबांना घेऊन चार्ल्सटनला तीन रात्री: दगदग न करता काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा गुहागरहून तुमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात आले आहेत, ऑक्टोबरमध्ये त्यांना तीन रात्री साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला न्यायचं आहे, बाबांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी आहेत, आणि जाता जाता जॉर्जियातलं सवाना शहरही उरकावं का.

सवाना या वेळी सोडा. रॅलीहून चार्ल्सटनलाच गाडीने साडेचार तास लागतात. तिथून सवाना आणखी दोन तास, आणि परतीचा प्रवासही लांबतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीत बसून राहण्याचाच त्रास जास्त होतो. तीन रात्री चार्ल्सटनलाच द्या. रोज सकाळी एक गोष्ट, दुपारी खोलीवर विश्रांती, संध्याकाळी पाण्याकाठी कुठेतरी बसणं, एवढंच ठेवा.

मी साउथ कॅरोलिनातल्याच कोलंबिया शहरात राहते, दोन तासांच्या अंतरावर, त्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा जाणं होतं. माझी आई आली होती तेव्हा पहिल्या दिवशी मी तिला भर दुपारी पायी सहलीला नेलं. तिथले फुटपाथ विटांचे आणि दगडी आहेत, ओक झाडांच्या मुळांनी उचकटलेले. दीड तासात तिचे पाय सुजले आणि तिला घरांच्या रंगांखेरीज काही आठवेना. दुसऱ्या दिवशी सिटी मार्केटमध्ये एक बाई गवताच्या टोपल्या विणत बसल्या होत्या. त्यांतल्या एका मोठ्या, पसरट टोपलीकडे बोट दाखवून आई म्हणाली, "अगं, हे तर पाखडायचं दिसतंय." आईचं माहेर पेणजवळच्या खारपट्ट्यातलं. तिने एका नजरेत ओळखलं ते खरंच होतं. तिथून पुढे आमची सहल बदलली, म्हणून तुम्हालाही तेच सुचवते आहे. तुमच्या आई-बाबांना हे शहर भातापासून दाखवा.

चार्ल्सटनची वस्ती 1670 ची. अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांमधल्या जमिनीच्या टोकावर आजचं जुनं शहर आहे. तिथली देखणी घरं, चर्चं, बागा ज्या पैशातून उभ्या राहिल्या तो मुख्यतः भाताचा पैसा. 'कॅरोलिना गोल्ड' नावाचा तांदूळ इथून युरोपात जायचा. मळ्यांच्या इंग्रज मालकांना भातशेतीचा अनुभव नव्हता, तो होता पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना. सिएरा लिओन, सेनेगल, गॅम्बिया या भागांत पिढ्यान्‌पिढ्या भात पिकत होता. म्हणूनच गुलामांच्या विक्रीच्या जाहिरातीत ते 'भाताच्या किनाऱ्यावरचे' आहेत असं मुद्दाम छापलं जायचं. दलदलीतली झाडं तोडून त्यांनी मैलोन्‌मैल बांध घातले आणि त्यांत लाकडी दारं बसवली. भरतीबरोबर नदीचं गोडं पाणी वर चढलं की दार उघडून ते शेतात घ्यायचं, ओहोटीला सोडून द्यायचं. आमच्याकडे खारीच्या बांधाला उघाडी असते, ती खारं पाणी बाहेर ठेवायला. युक्ती एकाच घराण्यातली. बाबांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पुढे भात उखळात मुसळाने कांडायचा आणि त्या पसरट टोपलीत पाखडायचा. आई बघत होती ती टोपली त्याच कामाची होती. नंतर त्याच विणीतून फळांच्या, पावाच्या, शोभेच्या टोपल्या झाल्या.

विणणाऱ्या बायका बहुतेक गुल्ला समाजातल्या आहेत. किनाऱ्यावर आणि बेटांवर राहिलेल्या या आफ्रिकी वंशजांनी आपली भाषा आणि खाणंपिणं बरंच टिकवलं आहे. टोपलीत स्वीटग्रास नावाचं सुगंधी गवत, पाइनच्या सुया आणि पाल्मेटो या ताडासारख्या झाडाची पात असते. लहानशी टोपलीही पन्नास-साठ डॉलरच्या घरात जाते आणि मोठी शेकड्यांत. कृपया घासाघीस करू नका, एका टोपलीमागे कित्येक दिवसांचं काम असतं. फोटो काढण्याआधी विचारा. आईंना त्यांच्याशेजारी दहा मिनिटं बसू द्या. माझी आई इंग्रजी जेमतेम बोलते, पण वीण कशी सुरू करतात ते तिने हातांच्या खुणांनी विचारून घेतलं.

मुक्काम शक्यतो जुन्या शहरातच, मार्केट किंवा मॅरियन स्क्वेअरच्या जवळपास घ्या. महाग पडतो. खर्च जड वाटला तर पुलापलीकडे माउंट प्लेझंटमध्ये राहा, पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. आईंसाठी छोटं स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर उत्तम. ऑक्टोबर वादळांच्या मोसमात येतो, म्हणून पैसे परत मिळतील असंच आरक्षण करा. शहरात आतल्या आत फिरायला 'डॅश' नावाची मोफत बस आहे, सायकलरिक्षाही मिळते.

आता भरतीचं. हे शहर समुद्राला इतकं लगटून आहे की मोठ्या भरतीला पाऊस नसतानाही काही रस्त्यांवर पाणी येतं. शरद ऋतूत अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर हमखास. बाबांना नुसतं 'उधाण' म्हणा, त्यांना कळेल. निघण्याआधी चार्ल्सटन बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघा. 7 फुटांच्या वरचा आकडा दिसला तर त्या तासा-दोन तासांत मार्केट स्ट्रीटकडे गाडी नेऊ नका आणि साचलेल्या पाण्यातून तर अजिबात घालू नका. ते खारं पाणी असतं, गाडी आतून खातं. ओहोटीला दलदलीच्या गाळाचा एक उग्र वास येतो. तिथले लोक त्याला प्लफ मड म्हणतात. माझी आई खाडीकाठची, तिला तो वास घरचा वाटला.

पहिल्या संध्याकाळी पोहोचल्यावर फक्त वॉटरफ्रंट पार्कला जा. धक्क्यावर छपराखाली मोठे लाकडी झोपाळे टांगले आहेत. त्यावर बसून बंदर बघायचं, बस. डॉल्फिन पुष्कळदा दिसतात. तासभर तरी उठू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत बॅटरीला, म्हणजे जमिनीच्या अगदी टोकाला पोहोचा. तिथल्या व्हाइट पॉइंट गार्डनमध्ये ओकच्या सावलीत बाकं आहेत. समोर पाण्यात फोर्ट सम्टर दिसतो. 12 एप्रिल 1861 ला त्याच्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध सुरू झालं. पण त्या बाकावर बसून आई-बाबांना सांगायची गोष्ट रॉबर्ट स्मॉल्सची आहे. तो गुलाम होता आणि दक्षिणेच्या सैन्याच्या 'प्लँटर' नावाच्या जहाजावर सुकाणू धरायचा. 13 मे 1862 च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेले असताना त्याने आणि सोबत्यांनी जहाज हाकारलं. वाटेत बायकामुलांना चढवून घेतलं. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घालून, त्याच्यासारखाच उभा राहून, प्रत्येक किल्ल्यासमोर शिटीची बरोबर खूण दिली. सम्टरच्या तोफांखालून जहाज पार झालं आणि बाहेर नाकेबंदी करून थांबलेल्या उत्तरेच्या आरमारासमोर त्याने पांढरी चादर चढवली. तो तेव्हा 23 वर्षांचा होता. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. समोर तेच पाणी असताना ही गोष्ट सांगितली तर ती विसरली जात नाही.

तिथून ईस्ट बे स्ट्रीटने रेनबो रोपर्यंत, त्या 13 रंगीत घरांपर्यंत, हळूहळू चालत या. बाबा थकले तर रिक्षा. वाटेत घरांची ठेवण नीट बघा. घर रस्त्याकडे अंग चोरून उभं असतं, एका खोलीएवढंच रुंद, आणि बाजूला लांबलचक पडवी, बहुधा दक्षिणेला किंवा पश्चिमेला, समुद्रवारा घ्यायला. काही पडव्यांचं छत फिकट निळं असतं. भुतंखेतं घरात शिरू नयेत म्हणून हा रंग द्यायची गुल्ला लोकांची समजूत. भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतील. 1886 च्या मोठ्या भूकंपानंतर भिंती सळयांनी आवळून धरल्या, त्या सळयांची ती टोकं.

किल्ला बघायचाच असेल तर सम्टरला बोटीने जाण्याचा आग्रह सोडा. जाऊन-येऊन सव्वादोन तास लागतात आणि वर सावली नाही. त्याऐवजी सलिव्हन्स बेटावरच्या फोर्ट मोल्ट्रीला गाडी थेट जाते. 1776 मध्ये इथल्या पाल्मेटोच्या ओंडक्यांच्या आणि वाळूच्या तटाने इंग्रजी आरमाराचे गोळे अक्षरशः गिळले. ते लाकूड इतकं मऊ की फुटायच्या ऐवजी दबायचं. साउथ कॅरोलिनाच्या झेंड्यावर ते झाड आहे ते त्यामुळेच. समुद्रकिल्ल्यांच्या मुलखातून आलेल्या बाबांना हा किल्ला बघण्यात रस वाटेल. संध्याकाळी शेम क्रीकला जा. सपाट लाकडी वाट आहे, कोळंबीच्या बोटी लागलेल्या असतात, पेलिकन असतात.

तिसऱ्या दिवसाची सकाळ इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियमसाठी राखून ठेवा. ज्येष्ठांना हे जड होईल असं वाटून बरेच आपले लोक ते टाळतात. मला ते पटत नाही. ते 2023 मध्ये उघडलं, गॅड्सडेन्स वॉर्फ या जुन्या धक्क्याच्या जागेवर, जिथे हजारो माणसं साखळदंडांत उतरवली गेली. इमारत 18 खांबांवर उचललेली आहे, त्या जमिनीला भार नको म्हणून. खाली उथळ पाणी आहे आणि तळाशी जहाजाच्या तळघरात दाटीने निजवलेल्या माणसांच्या आकृत्या. पाणी चढतं, उतरतं, आकृत्या दिसतात आणि बुडतात. हा खालचा भाग बघायला तिकीट लागत नाही. माझी आई तिथे चपला काढून उभी राहिली. वर वातानुकूलित आहे, बसायला जागा आहेत, दोन-अडीच तास ठेवा आणि वेळ ठरवून तिकीट आधीच काढा. त्या दिवशी दुसरं काही वजनदार घेऊ नका. दुपारनंतर जॉन्स बेटावरचा एंजल ओक बघा. शेकडो वर्षांचा, फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर गेलेल्या. पाहायला पैसे पडत नाहीत.

खाण्याबद्दल आईंना आधीच सांगून ठेवा की अर्धी ओळखीची माणसं भेटणार आहेत. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. ओक्रा म्हणजे भेंडी, मूळची आफ्रिकेतलीच. बेने वेफर्स म्हणजे तिळाची पातळ खुसखुशीत बिस्किटं. तिळाला 'बेने' हा शब्दही पश्चिम आफ्रिकेतून आलेला. ती मार्केटमध्ये मिळतात, दोन डबे जास्त घ्या. मात्र इथली भाजी शाकाहारी असेलच असं नाही. कोलार्ड नावाची पालेभाजी, लाल भात, वाल-पावट्यासारखे बीन्स, सगळ्यांत हॅम किंवा बेकन घालतात, आणि ग्रिट्सही कधी कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. "व्हेजिटेरियन आहे का" एवढंच विचारून भागत नाही. पोर्क आहे का, बेकन आहे का, स्टॉक कशाचा, असं एकेक विचारा. बाबा मासे खात असतील तर कोळंबी-ग्रिट्स जरूर मागवा.

चौथ्या दिवशी सकाळी मार्केट उघडताच तिथे, गर्दी व्हायच्या आत. टोपल्यांसाठी हीच वेळ चांगली. मग निघा. वाटेत रस्त्याकडेला किंवा पेट्रोल पंपावर 'बॉइल्ड पीनट्स'ची पाटी दिसली की थांबा. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन्‌तास उकडलेल्या असतात. गरम मिळतात, सालीसकट. मोठा कप घ्या आणि सालींसाठी एक रिकामी पिशवी जवळ ठेवा.