ढगांतून उतरणारे किरण दाखवायचेत? मग धुकं क्यूबमध्ये भरा

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये धुकं वर्ल्डच्या, म्हणजे दृश्याभोवतीच्या पार्श्वभूमीच्या, व्हॉल्यूमला लावू नका. तिथे ते अनंतापर्यंत पसरतं, सूर्याचा उजेड वाटेतच गिळतं आणि दृश्य काळं पडतं. डोंगर-ढग दोन्ही मावतील असा क्यूब घ्या, त्याला प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूम हा धुकं-धूर बनवणारा शेडर जोडा. क्यूब किलोमीटरभराचा असेल तर डेन्सिटी, म्हणजे धुक्याची दाटी, ०.०००५ पासून सुरू करा. मुळातली १ तशीच राहिली तर समोर नुसती भिंत! अ‍ॅनायसोट्रॉपी (उजेड पुढच्या दिशेने किती विखुरतो ते) ०.७, आणि सूर्य कॅमेऱ्याच्या समोर, पाठीमागे नाही.

तरीही किरण दिसत नसतील तर दोष बहुधा ढगांचा. ढगांचा आकार घडवणाऱ्या नॉइझ टेक्श्चरला कलर रॅम्प हा नोड लावून त्याची टोकं जवळ आणा, म्हणजे ढग दाट आणि फटी स्वच्छ होतील. विरळ ढगातून उजेड सगळीकडे झिरपतो, पट्टे पडतच नाहीत. सन लाइटचा अँगल, म्हणजे आकाशात सूर्य किती मोठा दिसतो ते माप, अर्ध्या अंशाच्या आसपास ठेवा. ५ केलात की पट्टे एकमेकांत मिसळतात.