चाळिशी ओलांडल्यावर ठाण्यात मर्दानी खेळ शिकायला सुरुवात करावी का?

तुम्ही विचारलंय की वय 41, राहायला कासारवडवलीत, काम दिवसभर खुर्चीत बसून, एक गुडघा अधूनमधून दुखतो. अशा माणसानं आता कराटे शिकावं की आपले मर्दानी खेळ, म्हणजे लाठी, तलवार, दांडपट्टा चालवण्याची आपली जुनी युद्धकला, त्याचा स्वसंरक्षणाला उपयोग होतो का, आणि 11 वर्षांची मुलगी मागे लागली आहे तर दोघांनी एकाच वर्गात जावं का.

मी सुरुवात केली तेव्हा 39 वर्षांची होते, आता 46 पूर्ण झाली. कळव्याला राहते, नौपाड्यात एका सीएंच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे बसून बसून आखडलेलं अंग मला चांगलं ठाऊक आहे. सुरुवात जरूर करा. फक्त हातात शस्त्र घ्यायची घाई करू नका. पहिले काही महिने पायांचे असतात, आणि जो वर्ग तुम्हाला ते महिने देत नाही तिथे जाऊ नका. हे मी आधी एका चुकीच्या वर्गात जाऊन शिकले.

तो वर्ग मी निवडला पाडव्याची स्वागतयात्रा बघून. तलावपाळीला गर्दीत उभी होते, समोरून पथक आलं. फेटे, नऊवारी, गरगर फिरणाऱ्या लाठ्या, एवढ्याशा मुलींच्या हातात तलवारी. अंगावर काटा आला. दुसऱ्याच आठवड्यात नाव घातलं. तिथे दुसऱ्या महिन्यात माझ्या हातात तलवार दिली, कारण तिसऱ्या महिन्यात कुठलीशी मिरवणूक होती आणि माणसं कमी पडत होती. पवित्रा, म्हणजे पाय कसे टाकायचे आणि कसं उभं राहायचं, ते शिकवलं नाही, समोरच्यापासून किती लांब उभं राहायचं तेही नाही. एका रविवारी सरावात माझ्या शेजारच्या मुलीच्या भुवईवर लाठीचं टोक बसलं आणि चार टाके पडले. ज्याची लाठी लागली तो मुलगा रडकुंडीला आला होता, पण त्याची काहीच चूक नव्हती. दोघांमध्ये जागा किती हवी हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिथून बाहेर पडले आणि सहा महिने कुठेच गेले नाही.

आता जिथे जाते तो वर्ग एका मनपा शाळेच्या मैदानात शनिवार-रविवारी सकाळी साडेसहाला भरतो. सर कोल्हापूरच्या तालमीत शिकलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मातीत चुन्यानं एक चौकोन आखला, मला त्याच्या मधोमध उभं केलं आणि चारही कोपऱ्यांकडे पाय टाकत फिरायला लावलं. हातात काही नाही. पुढचा पाय, मागचा पाय, कमर खाली, नजर समोर. अर्धा तास तेवढंच. पुढच्या शनिवारीही तेच. तीन महिने मी फक्त पाय टाकले आणि मग लाठी मिळाली. जूनचा पहिला पाऊस पडून गेल्यावर एकदा त्यांनी आम्हाला सगळ्यांना थांबवून ओल्या मातीत उमटलेली स्वतःची पावलं बघायला सांगितली. माझ्या टाचा खोल रुतलेल्या होत्या आणि चवड्यांचा ठसा जेमतेम दिसत होता. म्हणजे सगळं वजन मागे. सर म्हणाले, "ताई, तुम्ही पुढे जाताय पण मन मागे पळतंय." ते ऐकून मी घरी येऊन फरशीवर रोज दहा मिनिटं पाय टाकायला लागले. फ्लॅटमध्ये लाठी फिरवता येत नाही, पंखा असतो, पण पवित्र्यांना दोन बाय दोनची जागा पुरते.

लाठी आमच्याकडे ज्याच्या त्याच्या कानापर्यंतच्या उंचीची घेतात, भरीव वेळूची. पोकळ बांबू वारात फुटतो आणि चिरफळ्या डोळ्यात जातात, म्हणून दुकानात मिळेल तो उचलू नका. माझी खरी चूक झाली ती मुठीत. मी लाठी आवळून धरायचे. वर्षभरात उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ यायला लागली की ऑफिसात फाईल उचलवेना. डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगितलं आणि तीन महिने सराव बंद. परत गेले तेव्हा सर मागून येऊन लाठीचं टोक हळूच ओढायचे. लाठीबरोबर माझा खांदाही मागे गेला तर मूठ फार घट्ट. लाठी हातातून सुटलीच तर फार सैल. ओढ मनगटापाशी येऊन थांबली की बरोबर. हे कितीतरी आठवडे चाललं. आजही लाठी हातात घेतली की आधी मी स्वतःच ते टोक डाव्या हातानं ओढून बघते.

वारांची नावं हळूहळू तोंडात बसतात. डोक्यावरचा शीर, गालफडावरचा तमाचा. जोडीदार नाव घेतो, तुम्ही रोखता, मग तुम्ही नाव घेता. पुढे नावं घेणं बंद होतं आणि तेव्हा खरी मजा सुरू होते.

पट्टा, म्हणजे दांडपट्टा, मला तिसऱ्या वर्षी मिळाला, आणि त्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुम्ही प्रश्नात पट्ट्याचं नाव घेतलंय. पट्ट्याला खोबळा असतो, म्हणजे मुठीपासून जवळजवळ कोपरापर्यंत हात झाकणारं लोखंडी आवरण. आत एक आडवी मूठ असते, ती धरायची. पुढे लांब, सरळ, लवचिक पातं. सरावाच्या पट्ट्याला धार नसते. तलवार फिरवताना मनगट वळतं. पट्ट्यात मनगट त्या खोबळ्यात अडकलेलं असतं, ते वळतच नाही. मग वार येणार कुठून? कोपरातून, खांद्यातून, आणि खरं तर कमरेतून. कमर फिरायची तर पाय आधी जागेवर हवेत. मी पहिल्यांदा पूर्ण फेरी घेतली तेव्हा पातं लवून माझ्याच पोटरीला चाटून गेलं. धार नसताना वळ उठला आणि आठवडाभर काळानिळा होता. मागचा पाय वीतभर कमी सरकला होता, बाकी सगळं बरोबर होतं. त्या दिवशी मला चुन्याच्या चौकोनाचे ते तीन महिने समजले.

"होता जिवा म्हणून वाचला शिवा" हे आपण शाळेपासून म्हणतो. 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाचा पायथा, सय्यद बंडा पट्टा घेऊन महाराजांवर धावून आला आणि जिवा महालानं त्याला आडवा केला. लहानपणी मला ती नुसती गोष्ट वाटायची. खोबळ्यात स्वतःचा हात घातल्यावर कळलं की पट्टा चालवणाऱ्या माणसाच्या जवळ शिरणं म्हणजे काय. पातं एका बाजूला गेलं की परत यायच्या आत जेवढी फट मिळते तेवढ्यातच आत जायचं असतं. आता तो प्रसंग वाचला की माझे पाय जागच्या जागी हलतात. 2024 च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, त्यानंतर आमच्याकडे "मुलाला थेट पट्टाच शिकवा" म्हणणारे पालक बरेच आले. सर त्यांच्या मुलांना प्रेमानं लाठीच्या रांगेत नेऊन उभं करतात. मला ते मनापासून पटतं.

गुडघ्याचं म्हणाल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना स्पष्ट सांगा की अर्धवट बैठकीत राहून झटकन वळायचं आहे. नुसतं "व्यायाम करतो" सांगितलं तर ते चालण्याचा विचार करून हो म्हणतात. वर्ग मातीवर भरत असेल तर उत्तम. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटवर पाय गिरकी घेत नाही, पाऊल अडकतं आणि पीळ गुडघ्यात जातो. आमच्यातल्या दोघांना सरांनी पवित्रा थोडा उंच ठेवायला सांगितलाय, त्यात काही कमीपणा नाही. पावसाळ्यात आम्ही शाळेच्या व्हरांड्यात फक्त पाय आणि सूर्यनमस्कार करतो.

कराटे वाईट अजिबात नाही. बेल्ट असतात, परीक्षा असतात, आपण कुठवर आलो ते दिसतं, आणि ठाण्यात प्रत्येक दुसऱ्या सोसायटीच्या जवळ वर्ग आहे. तुम्हाला असे ठरलेले टप्पे लागत असतील तर कराटेच घ्या. मर्दानी खेळात प्रगती सरांच्या नजरेतच कळते.

स्वसंरक्षणाचं मात्र मी तुम्हाला गोड बोलून सांगणार नाही. लोकलमध्ये कुणी लाठी घेऊन फिरत नाही. मला जो फायदा झाला तो अंतराचा. समोरचा माणूस हात लांब करून पोचेल इतका जवळ आलाय का, हे आता मला विचार न करता जाणवतं आणि मी आधीच बाजूला होते. तेवढ्यासाठी मी या खेळाची ऋणी आहे. शिवाय कायद्याकडे लक्ष द्या. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यांत तलवारी-भाल्यांबरोबर लाठ्याही असतात. म्हणून आमच्या लाठ्या शाळेच्या खोलीतच राहतात. ऑनलाइन दिसली म्हणून धारदार तलवार घरी मागवू नका. 9 इंचांपेक्षा लांब पात्याची धारदार शस्त्रं शस्त्र कायद्याच्या नियमांत येतात, आणि "क्लाससाठी घेतली" हे सांगत पोलीस ठाण्यात बसायची वेळ येऊ शकते.

वर्ग निवडताना नाव घालण्याआधी दोन रविवार नुसते जाऊन बसा. कासारवडवलीहून सकाळी सहाला निघालात तर घोडबंदर रोड मोकळा मिळतो. शिकवणारा मुलांच्या पायांकडे बघतो की हातांकडे, हे बघा. दोन जोड्यांमध्ये लाठीची पूर्ण फेरी बसेल इतकी जागा सोडली आहे का बघा. नवीन माणसाच्या हातात कितव्या महिन्यात काय देता, हे सरळ विचारा, आणि उत्तरात मिरवणुकीची तारीख आली तर नमस्कार करून निघा.

आता मुलीचं. जरूर न्या. माझा मुलगा सहावीपासून दहावीपर्यंत माझ्याबरोबर होता. मला वाटलं आम्हीच एकमेकांचे जोडीदार होऊ, पण सरांनी पहिलं दीड वर्ष आम्हाला समोरासमोर उभंच केलं नाही. आई वार करताना हात आखडते, म्हणाले, आणि मुलाला खोटं रोखायची सवय लागते. त्याची जोड एका रिक्षावाल्या काकांशी लावली आणि माझी कॉलेजच्या एका मुलीशी. दीड वर्षानं जेव्हा आम्ही समोर आलो, तेव्हा त्यानं पहिलाच तमाचा इतका स्वच्छ मारला की मला रोखायला पूर्ण पाय टाकावा लागला. मी रोखला. तो हसला आणि लगेच दुसरा वार घेऊन आला. घरी जाताना त्यानं माझी पाण्याची बाटली आपणहून धरली होती, एरवी तो कधी धरत नाही.

तुम्ही दोघं जाल तेव्हा सरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते तुम्हाला वेगवेगळ्या रांगांत घेतील.