सुटलेला सेन्सर पट्टी लावून परत बसवू नका

नवरात्र जवळ आली की वडोदऱ्यातून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते : साखरेचा सेन्सर गरब्यात निघाला, आता काय? हा सेन्सर म्हणजे कातडीला चिकटून मधुमेहींची साखर सतत मोजणारे छोटे यंत्र. खालची उत्तरे दंडाच्या मागे लावायच्या, 14 दिवस चालणाऱ्या सेन्सरबद्दल आहेत. तुमचा प्रकार वेगळा असेल, तर त्याचे माहितीपत्रक आधी वाचा.

प्रश्न : सेन्सर लावून अंघोळ चालते का? (रावपुरा)

चालते, दंड चोळू नका, टॉवेलने टिपून घ्या.

प्रश्न : चौथ्या-पाचव्या दिवशीच कडा उचलतात. गरब्याच्या नऊ रात्री तो टिकवायचा कसा? (मांजलपूर)

सगळे घामावर ढकलतात, पण बऱ्याचदा चूक लावतानाच झालेली असते. अंघोळीनंतर तेल किंवा लोशन लावलेल्या कातडीवर गोंद धरत नाही. साध्या साबणाने जागा धुवा, कोरडी करा, स्पिरिटच्या स्वॅबने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका. केस दाट असतील तर काढा. व्रण, तीळ, गाठ टाळा. इन्सुलिन टोचायच्या जागेपासून किमान अडीच सेंटिमीटर दूर राहा. लावल्यावर कडेवरून बोट फिरवून नीट दाबा.

सेन्सर गरब्याच्या आदल्या दिवशी लावा. गोंदाला धरायला वेळ मिळतो, आणि पहिल्या दिवशी डगमगणारे आकडेही तोवर स्थिरावतात. वरून पट्टी लावायची तर पहिल्याच दिवशी, कोपरे गोल कापून. मधले भोक झाकू नका. रंगीत, नक्षीच्या महागड्या पट्ट्यांनी पकड वाढत नाही. आणि बाजूबंद दुसऱ्या दंडावर घाला. त्याच्या घासण्यानेही सेन्सर निघतात. रात्री उशिरापर्यंत नाचल्यावर साखर पहाटेही उतरू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवसांचे डोस डॉक्टरांशी आधीच ठरवावेत.

प्रश्न : लावताना रक्त आले. हळद दाबू का? (दांडिया बाजार)

नको. थेंबभर रक्त आले तर स्वच्छ कापसाने टिपा. थांबत नसेल तर सेन्सर काढून जागा दाबून धरा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर लावण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आईचा सेन्सर अर्धा सुटला होता, भावाने पट्टीने घट्ट बसवला. आता 62 दाखवतो, पण तिला काहीच होत नाही. शेजारी म्हणतात मशीन खोटे बोलत नाही. साखर द्यायची का? (सयाजीगंज)

आधी बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघा. हात साबणाने धुऊन, कोरडे करून.

सेन्सरखाली सुमारे पाच मिलिमीटरचा मऊ तंतू असतो. लावताना सुई त्याला कातडीखाली नेते आणि स्वतः परत बाहेर येते. तंतू एकदा सरकला की दाबून आत जात नाही, वाकतो. वरून सेन्सर घट्ट दिसतो, खाली तंतू भलत्याच जागी असतो, आणि आकडे येतच राहतात. मला याचीच सर्वात जास्त काळजी वाटते. आकडा खोटाच जास्त आला आणि त्यावर इन्सुलिन वाढवले, तर जिवावर बेतते. अर्धवट सुटलेला सेन्सर काढून टाका, मग त्याचे दहा दिवस उरले असले तरी.

‘काही होत नाही’ यावरही विसंबू नका. मधुमेह जुना असेल, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर साखर उतरल्याची थरथर, धडधड जाणवत नाही. ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली आले तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा बोटातूनच तपासा. सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. तो काही मिनिटे मागे असतो. घाम, थरकाप असेल आणि ग्लुकोमीटर हाताशी नसेल, तर आधी साखर द्या. ग्लानी असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. आणि आजचा प्रकार तिच्या डॉक्टरांना आजच कळवा.

प्रश्न : फक्त पहाटेच साखर कमी दाखवतो. (अलकापुरी)

त्या कुशीवर झोपल्याने सेन्सर दबत असेल. कूस बदलून बोटातून तपासा. खरोखर कमी निघाली तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : सेन्सरखाली खाज आणि पुरळ येते. ‘सवय होईल’ असे सांगितल्यावरून दोन महिने काढले. (कारेलीबाग)

सवय होत नाही. गोंदातल्या ॲक्रिलेटसारख्या रसायनांची ॲलर्जी वारंवार लावल्याने वाढते. पुरळ गोंदाच्याच आकाराचे असेल, फोड आले असतील, तर सेन्सर आज काढा. कडेला खोबरेल लावून हळू सोडवा. मनानेच मलम लावून त्यावर नवा चिकटवू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, पॅच टेस्टबद्दल (कातडीवर रसायन लावून ॲलर्जी तपासणे) विचारा.

प्रश्न : मुदत संपलेला सेन्सर अर्ध्या किमतीत मिळतोय. (मांडवी)

घेऊ नका. त्यातले साखर ओळखणारे एन्झाइम आणि गोंद, दोन्हींचा भरवसा राहत नाही. आपला सेन्सर लवकर निघाला तर मात्र तो फेकू नका. त्यावरचा क्रमांक जपून ठेवा आणि कंपनीला फोन करून बदलून मागा. मिळेपर्यंत बोटातून किती वेळा तपासायचे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.