प्रश्न तुमचे: अडकलेला एक्सल कापायचा की काढायचा?

प्रश्न: आमच्या जुन्या हॅचबॅकचा गिअरबॉक्स बदलायला टाकलाय. डावा एक्सल निघाला, उजवा काही केल्या निघेना. मिस्त्री म्हणतो, "गॅसनं कापावा लागेल, दोन्ही एक्सल नवे आणा." खरंच गरज आहे, की बाई बघून गुंडाळतोय?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: ताई, एक्सल अडकतो हे खरं आहे, त्यात मिस्त्री खोटं बोलत नाही. पण डावा तर सुखरूप निघालाय ना? मग तो कशाला बदलायचा, हे आधी विचारा.

एक्सल म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा. त्याचं आतलं टोक गिअरबॉक्समधल्या दात्यांत बसतं. त्या टोकाच्या खाचेत तारेची एक रिंग असते, सर्क्लिप. ती आत फाकून अडते, म्हणून शाफ्ट धरून कितीही ओढा, उपयोग नाही. उलट आतला जॉइंट, म्हणजे गिअरबॉक्सकडचा सांधा, सुटतो, त्यावरचा रबरी बूट फाटतो आणि कटोरी (त्या सांध्याचं वाटीसारखं कवच) जागच्या जागीच राहते. जोर द्यायचा तो कटोरीला. आधी गिअर ऑइल काढून घ्यायचं. मग कटोरी आणि गिअरबॉक्सच्या फटीत समोरासमोर दोन टॉमी (उचकटायच्या लोखंडी पहारी) घालून एकदम झटका. एकाच बाजूनं उचकटलं तर कटोरी तिरकी होऊन आणखी घट्ट बसते. नाहीच हलली, तर एक्सल पाव फेरा फिरवून पुन्हा झटका द्यायचा. रिंग जरा सरकली की पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. मात्र काही गाड्यांत उजवीकडे मधला शाफ्ट असतो, तो इंजिनाला ब्रॅकेटनं धरलेला. ते बोल्ट न काढता ठोकत बसलं तर संध्याकाळच होणार!

जुना गिअरबॉक्स बदल्यात द्यायचा असेल तर टॉमी जाड जागीच टेकवायला सांगा, ॲल्युमिनियम तडकतं. भंगारात जाणार असेल तर एवढं जपायला नको.

गाडीखाली गॅस मात्र नको. ग्रीस, रबर, तेल, शिवाय पेट्रोलची पाइप, सगळं तिथंच. त्यापेक्षा बूटची पट्टी कापून शाफ्ट टोकावरच्या रोलरसकट कटोरीतून बाहेर घ्यावा (काही जॉइंटांत आत लॉक असतं, ते आधी काढायचं) आणि गिअरबॉक्स कटोरीसकट खाली उतरवावा. जागा असेल तर माझी पसंती यालाच. टेबलावर चारी बाजूंनी हात पोचतो. खर्च नव्या बूटचा आणि ग्रीसचा.

चाकाकडचं टोक हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) गंजून बसलं असेल तर दुखणं वेगळं. तिथं गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्यावं आणि हब पुलर, म्हणजे टोक दाबून बाहेर काढायचं हत्यार, लावावा. उघड्या टोकावर हातोडा मारला की आटे मिटतात, आणि मग एक्सल खरोखरच नवा घ्यावा लागतो.

जोडताना सर्क्लिप आणि ऑइल सील नवेच घाला, तिथं काटकसर नको. एक्सल बसताना टक् असा आवाज येतो, त्यानंतर कटोरी हातानं ओढून बघायची. एक्सल हबमध्ये नसताना गाडी चाकांवर उतरवू नका, बेअरिंग जातं. नव्या एक्सलचे पैसे मागितलेच, तर जुना दाखवायला सांगा. दाते झिजलेले किंवा आटे मिटलेले दिसले तरच द्या.