'पॅरोकियल' (म्हणजे आपल्यापुरतंच पाहणारा, संकुचित) हा इंग्रजी शब्द कुठून आला? त्याचा चर्चशी खरंच काही संबंध आहे का?

हो, आहे, आणि तोही थेट. चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला इंग्रजीत 'पॅरिश' म्हणतात (वसईकडचे ख्रिस्ती बांधव 'धर्मग्राम' म्हणतात). पॅरोकियल म्हणजे मुळात फक्त 'पॅरिशचा, पॅरिशपुरता'. त्यात टोमणा नव्हता.

शब्द लॅटिनमधल्या 'पारोकिया'वरून आला आणि तो ग्रीक 'पारोइकिया'वरून. 'पारा' म्हणजे शेजारी, 'ओइकोस' म्हणजे घर. गंमत अशी, की ग्रीक 'पारोइकोस' म्हणजे शेजारी तर खराच, पण परगावाहून येऊन राहिलेला उपराही! सुरुवातीचे ख्रिस्ती लोक स्वतःला या जगात चार दिवस मुक्कामाला आलेले परके मानत, म्हणून त्यांच्या समुदायाला हे नाव पडलं. म्हणजे उपऱ्यांसाठीचा शब्द शेवटी उपरे न खपणाऱ्या वृत्तीला चिकटला.

'संकुचित' हा अर्थ मात्र बराच उशिरा, १९व्या शतकात रुळला. इंग्लंडमध्ये पॅरिश नुसती धार्मिक नव्हती. १६०१च्या कायद्यानं गरिबांना पोसायची जबाबदारीही तिच्यावरच होती, त्यामुळे 'हा आमच्या हद्दीतला की बाहेरचा' यावरून भांडणं होत. अशा कारभारातून शब्दाला तो वास लागला असावा, असं मला वाटतं.

जाता जाता: 'इकॉनॉमी' आणि 'इकॉलॉजी'मध्येही हाच ओइकोस आहे. संस्कृतातला 'वेश्म' (घर) त्याचाच लांबचा भाऊ.

मराठीत 'कूपमंडूक' जवळचा आहे, पण त्यात अज्ञान जास्त दिसतं. पॅरोकियल माणूस जग पाहिलेलाही असू शकतो.